जुनं इंजिन विकत घेण्याआधी: खान्देशातल्या गाडीवाल्यांसाठी

गाडीचं इंजिन गेलं की मिस्त्री तीन रस्ते सांगतो. कंपनीचं नवं इंजिन टाकायचं, आहे तेच खोलून बोअर-पिस्टन-क्रँकचं काम करायचं, नाहीतर जुन्या बाजारातून दुसरं इंजिन आणून बसवायचं. दहा-बारा वर्षं वापरलेल्या गाडीला नवं इंजिन परवडत नाही, कारण गाडीचीच तेवढी किंमत उरलेली नसते. मग बहुतेक जण तिसऱ्या रस्त्याला लागतात आणि तिथे सांगणारं कुणी नसतं. मी माझ्या डिझेल डिझायरसाठी अमळनेरहून धुळे, मालेगाव, नाशिक असं फिरून इंजिन घेतलं. त्या फिरण्यात जे कळलं ते इथे क्रमाने मांडतोय.

सगळ्यात आधी एक गोष्ट. इंजिन कसं आहे हे विचारण्याआधी ते कुठून आलं हे विचारा. कोणत्या गाडीतून निघालं, ती गाडी भंगारात का गेली, तिचा नंबर काय, हे ज्या इंजिनाबद्दल सांगता येत नाही ते कितीही गोड चालत असलं तरी मी घेणार नाही. तुम्हीही घेऊ नका.

१. आधीचं इंजिन का गेलं ते नक्की करा

दुसरं इंजिन त्याच गाडीत, त्याच रेडिएटरवर बसणार आहे. पहिलं ज्या कारणाने गेलं ते कारण तसंच राहिलं तर दुसरंही जाईल.

आपल्याकडे मे महिन्यात जळगाव-भुसावळ पट्ट्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास असतो. त्यात एसी चालू, गाडी भरलेली आणि समोर कन्नड घाटाची चढण. एवढं सोसायला कूलिंग सिस्टीम ठणठणीत लागते. पण बऱ्याच गाड्यांत कूलंटऐवजी बोअरवेलचं पाणी ओतलेलं असतं. आपल्या भागातलं जड पाणी रेडिएटरच्या नळ्यांत आणि ब्लॉकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य सांगाड्याच्या, पाण्याच्या वाटांमध्ये क्षार धरतं, आतून गंज चढवतं. नळ्या चोंदल्या की काटा वर चढतो, ब्लॉकवरचं हेड वाकतं, त्या दोघांमधलं पॅकिंग म्हणजे हेड गॅस्केट उडतं. म्हणून रेडिएटर, थर्मोस्टॅट, वॉटर पंप आणि पंख्याचा स्विच तपासून घ्या. चोंदलेला रेडिएटर बदलाच.

नुसतं हेड गॅस्केट उडालं असेल आणि ब्लॉक चांगला असेल तर इंजिन बदलण्याची गरजच नाही. हेड लेथवर नेऊन सरळ करून घ्या, त्याला प्रेशर टेस्ट लावा, गॅस्केट नवं टाका. आपल्या इंजिनाचा इतिहास आपल्याला माहीत असतो, बाजारातल्या इंजिनाचा नसतो. क्रँक तुटलाय, कनेक्टिंग रॉड ब्लॉक फोडून बाहेर आलाय किंवा ब्लॉकला तडा गेलाय, अशा वेळीच दुसऱ्या इंजिनाचा विचार करा.

२. नेमकं कोणतं इंजिन हवं ते कागदावर लिहा

दुकानात जाऊन नुसतं 'बोलेरोचं इंजिन द्या' म्हणालात तर काहीही हातात पडेल. जुन्या बोलेरो डीआयला २५२३ सीसीचं साधं पंपाचं इंजिन. त्यानंतरच्या एम-टू-डीआयसीआरला तेवढ्याच सीसीचं, पण कॉमन रेलचं, म्हणजे कॉम्प्युटरवर डिझेल फवारणारं. २०१६ च्या पॉवर प्लसपासून १४९३ सीसीचं तीन सिलिंडरचं. बाहेरून तिन्ही बोलेरोच, पण एकाचं वायरिंग दुसऱ्याला चालत नाही.

माझ्या गाडीचं १.३ डिझेल, म्हणजे १२४८ सीसीचं. हे मूळ फियाटचं इंजिन स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, अर्टिगा, टाटाची व्हिस्टा, मांझा, फियाटची पुंटो, लिनिया अशा कितीतरी गाड्यांत बसलंय. त्यामुळे ते मिळतं भरपूर आणि चुकीचं मिळण्याची शक्यताही तेवढीच. यात ७५ पीएस ताकदीचा एक प्रकार आणि ९० पीएसचा दुसरा, ज्याचा टर्बो वेगळा असतो. फाउंडेशनच्या, म्हणजे इंजिन टेकतं त्या जागा, चेंबर (खालचं ऑइलचं भांडं), सेन्सरच्या पिना गाडीगणिक बदलतात. मारुतीने एप्रिल २०२० पासून डिझेल गाड्याच बंद केल्या, म्हणजे बाजारात येणारी ही सगळी इंजिनं त्याआधीची आहेत हेही ध्यानात ठेवा.

कागदावर एवढं उतरवा: गाडीचं मॉडेल आणि महिना-वर्ष, आरसीवरचा इंजिन नंबर, सीसी, प्रदूषणाचं मानक बीएस-३ की बीएस-४ की बीएस-६, आणि फुल इंजिन हवं की हाफ. हाफ म्हणजे सहसा ब्लॉक-हेडपर्यंतचं, त्यात टर्बो, डिझेल फवारणारी नोझल, पंप, डायनामो, सेल्फ धरलेले नसतात. पण प्रत्येक दुकानदाराचं हाफ वेगळं असतं. काय काय मिळणार त्याची यादी करून घ्या.

कॉमन रेल डिझेलसाठी अजून दोन गोष्टी. नोझलवर कोरलेला कोड ईसीएममध्ये, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये, भरावा लागतो, म्हणून इंजिनासोबत आलेली नोझल वापरणार असाल तर कोडचा फोटो घ्या आणि स्कॅनर असलेला मिस्त्री गाठून ठेवा. दुसरं, ईसीएम शक्यतो आपल्याच गाडीचा ठेवा. चावीतला इमोबिलायझर (चोरी रोखणारी चिप) त्याच्याशी बांधलेला असतो. दुसऱ्या गाडीचा ईसीएम टाकलात की चावीचं नवं काम मागे लागतं.

३. कागद आणि इंजिन नंबर

पैशाची बोलणी व्हायच्या आधी हे करा. नंतर माणूस संकोचतो.

इंजिन नंबर ब्लॉकवर पंच केलेला असतो. ती जागा चिंधी आणि थोड्या डिझेलने पुसा. अंक एका रांगेत, एकसारख्या खोलीचे आहेत का बघा. आजूबाजूचा बीड, म्हणजे ओतीव लोखंड, मूळचा खरबरीत असतो. तेवढाच चौकोन गुळगुळीत दिसला किंवा तेवढ्याच जागेवर ताजा रंग दिसला तर ग्राइंडर फिरलेला आहे असं समजा आणि निघा. नंबर बरा दिसला तर त्यावर पातळ कागद धरून पेन्सिल घासा. आरटीओत चेसिस नंबरची घेतात तशीच छाप उठते. उघड्या डोळ्यांना न दिसलेली जुन्या अंकाची रेघ अशा छापेत कधीकधी उमटते.

मग त्या गाडीचा नंबर मागा. एमपरिवहन ॲपवर नंबर टाकला की मॉडेल, नोंदणीची तारीख, गाडीची सध्याची स्थिती दिसते. इंजिन नंबर अर्धवट झाकलेला असतो, पण दिसणारे अंक जुळतात का ते कळतं. एनसीआरबीच्या (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या) वाहन समन्वय सेवेवर इंजिन नंबर किंवा चेसिस नंबर टाकून गाडी चोरीची नोंदलेली आहे का तेही पाहता येतं. दोन्ही ठिकाणचे स्क्रीनशॉट जपा.

विकणाऱ्याकडून हे घ्या:

– इंजिन नंबर लिहिलेलं पक्कं बिल, दुकानाच्या शिक्क्यासह
– ज्या गाडीतून इंजिन निघालं तिच्या आरसीची प्रत
– त्या गाडीची नोंदणी रद्द झाल्याचा, विमा कंपनीने ती टोटल लॉस (दुरुस्त करण्याजोगी नाही) ठरवल्याचा किंवा नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात मोडल्याचा पुरावा
– दुकान नसून खासगी माणूस असेल तर विक्रीचा करारनामा आणि त्याच्या ओळखपत्राची प्रत

'कागद नंतर पाठवतो' हे वाक्य मी जवळपास प्रत्येक गाळ्यावर ऐकलं. नंतर कोणी पाठवत नाही. चोरीचा माल आहे हे ठाऊक असून घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ प्रमाणे गुन्हा आहे, आणि आपल्याला ठाऊक नव्हतं हे नंतर पटवत बसण्यापेक्षा आधी कागद मागणं सोपं.

४. सोबत काय न्यायचं

चांगला टॉर्च, पाना सेट, प्लग पाना, लोहचुंबक, पांढरं कापड, चार्ज केलेली १२ व्होल्टची बॅटरी आणि जंपर वायर, कॉम्प्रेशन गेज (सिलिंडरमधला दाब मोजायचं). पेट्रोल आणि डिझेलचं गेज वेगळं असतं. पेट्रोलचं गेज डिझेलवर लावलं तर खराब होतं. मोबाईलला जोडायचा छोटा कॅमेरा ऑनलाइन स्वस्तात मिळतो, तो घ्याच. आणि आपला मिस्त्री सोबत न्या. त्याची दिवसाची मजुरी आणि जेवण आपण द्यावं. दुकानदाराकडून त्याला कमिशन मिळणार असेल तर त्याचं मत आपल्या कामाचं राहत नाही, हे त्याच्याशी आधीच मोकळेपणाने बोलून घ्या.

५. इंजिन गाडीतच असेल तर

मिळालं तर असंच इंजिन घ्या. मागून ठोकलेली, उलटलेली किंवा बाजूने चेपलेली गाडी भंगारात आलेली असते आणि इंजिन अजून जागेवर असतं. ते चालू करून बघता येतं, आणि गाडीच समोर उभी असल्याने कागदही बहुतेक जुळतात.

गेल्या गेल्या बोनेट उघडून ब्लॉकवर हात ठेवा. गरम लागला तर तुम्ही यायच्या आधी कुणीतरी इंजिन चालवून ठेवलंय. गार असतानाचे आजार गरम झाल्यावर लपतात. अशा वेळी दुसऱ्या दिवशी सकाळी येतो म्हणून सांगा.

गार इंजिनाचं रेडिएटरचं झाकण उघडून आत बघा. गंजाचं तांबूस पाणी, तेलाचा तवंग किंवा पांढरा क्षार दिसतो का. ऑइलची पट्टी काढा, ऑइल भरायचं झाकण उलटं करा. झाकणाखाली दह्यासारखा पांढुरका थर असेल तर ऑइलमध्ये पाणी मिसळतंय. डिझेलचं ऑइल काळं असणं साहजिक आहे, त्याला घाबरू नका. उलट डिझेल इंजिनात ऑइल मधासारखं स्वच्छ दिसलं तर ते नुकतं का बदललं ते विचारा.

आता सेल्फ मारा. ऑइलचा दिवा दोन-तीन सेकंदात विझला पाहिजे. १.३ डिझेलमध्ये टायमिंग चेन असते. गार सुरुवातीला पुढच्या बाजूने साखळी खळखळल्यासारखा आवाज काही सेकंदांपेक्षा जास्त टिकला तर चेन, टेन्शनर दोन्हींचा खर्च धरा. टॅपेटची बारीक टिकटिक चालून जाते. पण एक्सलेटर देऊन सोडताना खालून जाड 'ठक ठक' आली तर बेअरिंग गेलेलं आहे. तो सौदा तिथेच संपला.

धूर बघा. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा धूर गरम झाल्यावरही थांबत नाही आणि गोडसर वास येतो, म्हणजे कूलंट जळतंय. काळा धूर नोझल किंवा हवेच्या बाजूचा, तो बहुतेक दुरुस्त होतो.

मग चालू इंजिनावर ऑइलचं झाकण सैल करून तोंडावर नुसतं ठेवा. थोडं थरथरलं तर ठीक. झाकण उडून पडलं किंवा भोकातून इंजिनाच्या तालावर धुराचे लोट येऊ लागले तर कॉम्प्रेशन पिस्टनच्या रिंगांतून खाली उतरतंय. एका गाळ्यावर मालक "भाऊ, इंजिन एक नंबर शे" म्हणत होता आणि आमच्या मिस्त्रीने झाकण ठेवताक्षणी ते बंपरपर्यंत उडालं. पुढे बोलणं झालं नाही.

इंजिन चांगलं तापेपर्यंत, पंखा लागून बंद होईपर्यंत चालू ठेवा. विक्रेता घाई करतो, करू द्या.

६. इंजिन उतरवून ठेवलेलं असेल तर

बहुतेक गाळ्यांवर इंजिनं टायरवर रांगेत मांडलेली असतात, डिझेलने धुतलेली, काहींवर चंदेरी रंग मारलेला. रंगाला भुलू नका. धुळकट, तेलकट इंजिन मला जास्त आवडतं, कारण कुठून गळत होतं ते त्याच्यावर दिसतं.

खालचं चेंबर बघा. ते आत चेपलेलं असेल तर ऑइल ओढणाऱ्या जाळीला अडथळा होतो. सांध्यांवर कसलं सीलंट आहे ते बघा. निळं किंवा लाल सिलिकॉन ओघळलेलं असेल तर इंजिन बाहेर कुणीतरी खोललंय. खोललेलं असणं वाईटच असं नाही, पण 'कंपनी फिटिंग, हात लागलेला नाही' हे म्हणणं खोटं ठरतं. हेडच्या बोल्टांचे कोपरे झिजलेत का, ब्लॉकला वेल्डिंग आहे का, पाण्याच्या वाटेवरच्या पत्र्याच्या गोल टोप्या, ज्यांना मिस्त्री डॉलर म्हणतात, त्या गंजून पाझरल्यात का, हे टॉर्चने फिरून बघा.

क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावून, इंजिन ज्या दिशेला फिरतं त्याच दिशेला, हाताने पूर्ण दोन फेरे फिरवा. कॉम्प्रेशनचा दाब एकसारख्या अंतराने हाताला लागला पाहिजे. मध्येच अडकलं तर जोर लावू नका. टायमिंग सुटलेलं असू शकतं, व्हॉल्व्ह वाकतील. मग पुली पुढे-मागे ढकला. टक असा स्पष्ट खेळ जाणवला तर क्रँकचं थ्रस्ट बेअरिंग झिजलंय.

पुराची गाडी ओळखायला शिका. पूर येणारं सुरत आपल्याला जवळ, कोल्हापूर-सांगलीत २०१९ ला आणि चिपळूणला २०२१ ला मोठा पूर आला. अशा पाण्यात बुडालेल्या गाड्यांचे भाग पुढे कुठल्याही बाजारात पोचू शकतात. इंजिन बाहेरून धुतात, पण सेल्फच्या आत, डायनामोच्या जाळीत, फ्लायव्हीलच्या मागे गाळ राहतोच. चालू इंजिनाने पाणी ओढलेलं असेल तर कनेक्टिंग रॉड किंचित वाकलेला असतो. असं इंजिन सुरू होतं, पण पुढे कधीतरी रॉड तुटतो.

पेट्रोल इंजिनाचे सगळे प्लग काढून क्रमाने कापडावर मांडा. फिकट तपकिरी रंग चांगला. ऑइलने ओला काळा प्लग म्हणजे रिंग किंवा व्हॉल्व्ह सील. गंजलेला असेल तर पाणी. चारपैकी एकच प्लग धुतल्यासारखा लख्ख असेल तर त्या सिलिंडरमध्ये कूलंट उतरत असेल. भोकातून कॅमेरा घाला. सिलिंडरच्या भिंतीवर होनिंगच्या, म्हणजे मशीनने घासल्याच्या, तिरप्या बारीक रेघा दिसल्या पाहिजेत. उभे ओरखडे नकोत.

मालक तयार असेल तर चेंबर उघडाच. तळाच्या ऑइलमध्ये बोट फिरवून कापडाला पुसा आणि उन्हात धरा. चुंबकाला चिकटणारा चुरा क्रँक, रिंग, गिअरचा असतो. न चिकटणारी तांबूस चमक म्हणजे बेअरिंग तांब्याच्या थरापर्यंत झिजलंय. यातलं काहीही दिसलं तर नको. डिझेलचा टर्बो असेल तर त्याचा पंखा बोटाने हलवा. बाजूला किंचित हलणं चालतं, आत-बाहेर अजिबात हलता कामा नये.

७. कॉम्प्रेशन मोजल्याशिवाय पैसे देऊ नका

आवाज आणि धूर मिस्त्रीच्या अंदाजावर चालतात. गेजचा आकडा तुम्हाला स्वतःला वाचता येतो. उतरवलेल्या इंजिनालाही गिअरबॉक्सचं कव्हर आणि सेल्फ लावून, आपली बॅटरी जोडून हे करता येतं.

पेट्रोलला सगळे प्लग काढा, थ्रॉटल (हवेची झडप) पूर्ण उघडा, इंधन आणि इग्निशन बंद ठेवा आणि पाच-सहा झटके बसतील एवढा सेल्फ मारा. डिझेलला हीटर प्लगच्या भोकातून मोजा. नोझलच्या भोकातून नको, कारण अडकलेलं नोझल काढण्याच्या नादात हेडच खराब होतं. पेट्रोलला साधारण १५० ते २०० पीएसआय आणि कॉमन रेल डिझेलला ३५० ते ४५० पीएसआय असा अंदाज धरा. नेमका आकडा त्या इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये बघा.

पण एकट्या आकड्यापेक्षा सिलिंडरांमधला फरक महत्त्वाचा. सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी यांत १० ते १५ टक्क्यांपेक्षा जास्त फरक नको. पेट्रोलमध्ये एखादा सिलिंडर कमी आला तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर रिंग गेल्यात, नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. शेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी असतील तर त्यांच्या मधलं हेड गॅस्केट. सीएनजी-एलपीजीवर चाललेल्या इंजिनात व्हॉल्व्हच्या सीट बसलेल्या सापडतात, तेही इथेच कळतं.

'टेस्ट करून बघ, पण गेज लावू देणार नाही' असं म्हणणारे भेटतील. त्यांच्याकडून घेऊ नका. गाळे भरपूर आहेत.

८. सौदा

तोंडी वॉरंटी फोन उचलेपर्यंतच असते. बिलावर लिहून घ्या: इंजिन नंबर, किती दिवसांची चेकिंग वॉरंटी, आणि ती इंजिन बसवून चालू केल्यापासून मोजायची की घेतल्या दिवसापासून. आपलं इंजिन ट्रान्सपोर्टने यायला, मिस्त्रीचा नंबर लागायला दिवस जातात. घेतल्या दिवसापासून मोजली तर गाडी सुरू व्हायच्या आधीच मुदत संपते. खराब निघालं तर पैसे परत की दुसरं इंजिन, भाडं कोण देणार, हेही लिहा. थोडी रक्कम इंजिन चालू झाल्यावर देण्याचं कबूल करून घेता आलं तर उत्तम.

व्हिडिओ कॉलवर चालू इंजिन दाखवून आगाऊ पैसे मागणाऱ्यांना एक रुपयाही पाठवू नका. व्हिडिओतलं इंजिन आणि टेम्पोतून उतरणारं इंजिन एकच असेल याची खात्री कोण देणार?

९. आणणं आणि बसवणं

ऑइल काढून घ्या. इनटेक, एक्झॉस्ट, टर्बो, डिझेलच्या पाइपांची तोंडं कापड-टेपने बंद करा, नाहीतर रस्त्याची धूळ आत जाते. पिकअपमध्ये इंजिन उभंच, टायरवर बसवून दोन बाजूंनी बांधा.

गाडीत चढवण्याआधी, इंजिन हाताशी मोकळं असतानाच टायमिंग बेल्ट किंवा चेनचा संच, वॉटर पंप, थर्मोस्टॅट, क्रँकचं मागचं ऑइल सील आणि गरज असेल तर क्लच प्लेट बदला. हे नंतर करायचं म्हटलं की पुन्हा गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरी. बसवल्यावर नवं ऑइल, नवा फिल्टर आणि कूलंट, बोअरचं पाणी नको. पहिल्या हजार किलोमीटरला ऑइल पुन्हा बदला आणि जुना फिल्टर कापून त्याच्या घड्या उलगडून बघा. आतल्या चुऱ्याची बातमी तिथे आधी लागते.

१०. आरटीओ आणि विमा

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे इंजिन बदलल्याची माहिती १४ दिवसांच्या आत नोंदणी कार्यालयाला द्यावी लागते. मी म्हणेन, इंजिन बसवण्याआधीच तुमच्या कार्यालयात, जळगावला एमएच-१९, धुळ्याला एमएच-१८, नंदुरबारला एमएच-३९, जाऊन मंजुरी आणि अर्जाचं विचारून या. मूळ आरसी, विमा, पीयूसी, इंजिनाचं बिल, आधीच्या गाडीचे कागद, मिस्त्रीचं फिटिंगचं बिल आणि इंजिन नंबरची पेन्सिल छाप असा संच तयार ठेवा. गाडीवर कर्ज असेल तर फायनान्स कंपनीची लेखी संमती आधी लागते. तपासणीला गाडी न्यावी लागते, तेव्हा इंजिन नंबरची जागा घासून स्वच्छ ठेवा. बसवल्यावर तो नंबर पाइपांच्या आड जातो, म्हणून चढवण्याआधी जवळून एक ठळक फोटो काढून ठेवा.

नव्या नंबरची आरसी हातात आली की तिची प्रत विमा कंपनीला पाठवून पॉलिसीवर इंजिन नंबर बदलून घ्या. क्लेमच्या वेळी सर्व्हेअर बोनेट उघडून तोच नंबर वाचतो.